मजकूर: दगड

शिक्के मारायचं काम माझं.
बेळगावात, कॅम्पातलं पोस्ट, तीन नंबरची खिडकी,
सव्वीस वर्षं.
शाई, ठप्पा. शाई, ठप्पा.
तिकिटावर कुणाचं तोंड आहे ते बघायचं नाही,
हाताला तेवढं कळायचं.

तवनाप्पा हेरवाडे मात्र काचेला नाक लावून उभा.
बोअरच्या गाडीवर कामाला,
भुवयांपर्यंत राखाडी भुकटी.
परदेशातून आलेलं पाकीट, तिकडं शिक्का चुकलेला,
नियमानं तो आम्ही मारायचा.
"बाई, शिखरावर मारू नका.
कोपऱ्यात मारा की."

तेव्हा पहिल्यांदा खाली बघितलं.
डोंगर. वर टोपीएवढा बर्फ.
जपानचा, म्हणाला. झोपलेला असतो, पण मेलेला नाही.

मग दर पगाराला यायचा.
बिस्किटाच्या डब्यात अल्बम, अल्बमात नुसते ज्वालामुखी.
मेक्सिकोचा, मक्याच्या शेतातून वर आलेला,
म्हणजे नांगरता नांगरता, बाई, विचार करा.
एक बेट, समुद्रात नवं जन्मलेलं,
त्याच्या तिकिटाला खाऱ्या पाण्याचा वास येतो असं त्याचं म्हणणं.
मी वास घेतला. डिंकाचा होता.

निकाराग्वाचं तिकीट तो शेवटी दाखवायचा.
"हे एकेका खासदाराच्या मेजावर ठेवलं, अमेरिकेत.
बघा म्हणे, त्या देशात डोंगर धूर सोडतोय.
झालं. कालवा पनामात गेला.
एवढ्याशा तिकिटानं!"
मी काही बोलले नाही.
इथनं दिल्लीला गेलेली निवेदनं मीच तोललीत,
रजिस्टर, पोचपावतीसकट,
काही मराठीत, काही कन्नडमध्ये,
वजन दोन्हीचं सारखंच भरायचं.
त्यांच्यावर डोंगर नव्हता.

एकदा कागदाच्या पुड्या घेऊन आला.
फुटाफुटाची भुकटी, पेन्सिलनं आकडे.
वर जांभा, तांबडा.
मग काळा. मग काळा. मग दोनशे फूट काळाच.
"हा पण लाव्हाच की, बाई. साडेसहा कोटी वर्षं झाली.
आपण बसलोय कशावर? ह्याच्यावर.
पोस्टाची पायरी बघा."
मी पायरी बघितली. तिच्यावर एक बकरी होती.

"आणि गोकाकच्या अलीकडं कुठंतरी
बोअरमध्ये काळा संपतोय.
वाळूचा दगड लागतोय, जुना, लाव्ह्याच्या आधीचा.
तिथं येऊन आग थांबली.
ही रेघ कुठल्या कमिशननं आखली नाही बघा."
त्याचा हेल्पर बसप्पा मागनं म्हणाला,
बेंकी कल्लु.
तवनाप्पा म्हणाला, होय, तेच. आगीचा दगड.

आइसलँडला पार्सल पाठवलं त्यानं,
लिंबाएवढा काळा तुकडा, सुती फडक्यात.
फॉर्म मी भरला.
मजकूर: दगड.
किंमत?
तो बराच वेळ थांबला.
रांगेतला एकजण खाकरला.
मी शून्य लिहिलं.

उत्तर यायला सात महिने लागले.
पत्त्यात राज्य चुकीचं,
कुणीतरी ते खोडून दुसरं लिहिलेलं,
आणखी कुणीतरी तेही खोडलेलं.
खाली पिनकोड शाबूत: ५९०००१.
आकड्यांना भांडण कळत नाही.
तिकिटावर डोंगर, उभा फुटलेला,
आणि तिकिटाला शिक्का नव्हता.

मी ठप्पा शाईवर टेकवला, कोपरा धरला.
सव्वीस वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं.
"इथं?"

तो काचेतनं बघत राहिला.
मग म्हणाला,
"वर मारा, बाई. शिखरावर.
आपल्या गावाचं नाव.
निघू दे थोडा धूर."